उद्यानातला बोन्साय संग्रह: तुम्ही झाडं कशी पाहता?

तगर

शहराच्या मधोमध असलेल्या एका मोठ्या उद्यानात बोन्सायचा, म्हणजे कुंडीत छाटून-वळवून लहान ठेवलेल्या झाडांचा, सार्वजनिक संग्रह आहे. लाकडी कुंपण, आत खडीची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना ओटे आणि त्यांवर साठेक झाडं. मागे साधी करडी भिंत, म्हणजे नजर झाडावरच राहावी. पहिल्यांदा गेले तेव्हा वीस मिनिटांत बाहेर पडले. फोटो काढले, पाट्या वाचल्या. घरी येऊन फोटो चाळताना ध्यानात आलं की मला झाडं आठवतच नाहीयेत, आठवतायत ती त्यांची वयं. नव्वद वर्षं, एकशे दहा वर्षं. एखाद्या झाडाचं खोड कुठे वळलं होतं असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. याची फार चुटपुट लागली.

आठ दिवसांनी पुन्हा गेले, सकाळी, फाटक उघडल्या उघडल्या. एक वयस्कर स्वयंसेविका लांब नळीच्या झारीने पाणी घालत होत्या. झारीचं तोंड आभाळाकडे वळवलेलं, त्यामुळे पाणी वर जाऊन पावसासारखं हलकं खाली पडत होतं. एका कुंडीला पाणी घालून त्या पुढे जात आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याच कुंडीला पुन्हा घालत. विचारलं तर म्हणाल्या, पहिल्या पाण्याने माती नुसती भिजते, मुळांपर्यंत पोचतं ते दुसरं. खालच्या भोकांतून पाणी वाहू लागेपर्यंत थांबायचं. कुंडी उथळ आणि मातीचं मिश्रण खडबडीत दाण्यांचं, त्यामुळे कडक उन्हाळ्यात हेच दिवसातून दोनदा. सुट्टी असो, वादळ असो, कुणीतरी येतंच.

मी उभी राहून पाहत होते. त्या म्हणाल्या, "उभ्याने पाहू नका. डोळे कुंडीच्या काठाशी आणा."

गुडघे टेकून बसले. समोर ट्रायडंट मेपल होता. वरून पाहताना तो पानांचा हिरवा गोळा होता. खाली बसल्यावर त्याचं खोड दिसलं. बुंध्यापासून मुळं चारी बाजूंना पसरून मातीत शिरत होती, अगदी एखाद्या जुन्या डेरेदार झाडाखाली दिसतात तशी. काही ठिकाणी ती एकमेकांत मिसळून एकसंध झाली होती. बुंध्याच्या या पसाऱ्याला जपानीत नेबारी म्हणतात. पाहायला सुरुवात तिथून करायची असं त्यांनी सांगितलं: आधी मुळं, मग खोड, मग पहिली फांदी, आणि शेंडा सगळ्यात शेवटी. शेंडा किंचित पुढे, पाहणाऱ्याच्या बाजूला झुकवलेला असतो. उभ्याने तो झुकाव कळत नाही. बसल्यावर झाडाने आपल्यावर सावली धरलीय असं वाटतं. जेमतेम साठ सेंटिमीटरच्या त्या मेपलखाली मी खरोखर उभी आहे असं मला वाटलं आणि डोळे भरून आले.

पुढच्या ओट्यावर एक ज्युनिपर, सूचिपर्णी झाड. अर्ध्याहून जास्त खोड पांढरंशुभ्र, साल नसलेलं. त्याला बिलगून तपकिरी सालीचा एक अरुंद पट्टा पीळ घेत वर गेलेला, आणि वरचा सगळा हिरवा पसारा त्या एका पट्ट्यावर जगणारा. सोललेल्या खोडाला शारी म्हणतात, सुकलेल्या फांदीला जिन. डोंगरमाथ्यावर वारा, बर्फ आणि वीज हे काम करतात. कुंडीत ते माणूस करतो आणि लाकूड कुजू नये म्हणून त्याला गंधक-चुन्याचं द्रावण लावतो. लाकडाला पांढरेपणा येतो तो त्यानेच.

तीन तासांत मी सात झाडं पाहिली. बाकीची पुढच्या खेपेला. तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर काय पाहता, कोणत्या ऋतूत जाता, ते वाचायला आवडेल.

बकुळ

खूप मनापासून लिहिलंय. माझं उत्तर: पानगळ झाल्यावर जा. मेपल, एल्म, हॉर्नबीम या झाडांची खरी ओळख पानं नसताना होते. फांदीला फांदी, तिला काडी, काडीला आणखी बारीक काडी, असं विभाजन वर्षानुवर्षांच्या छाटणीतून आलेलं असतं आणि ते हिवाळ्यात उघडं पडतं. जाणकार पानझडी बोन्साय मुद्दाम त्याच दिवसांत पाहतात. वसंतात पालवी फुटते तेव्हाही जावं, पण ते आठ-दहा दिवस गाठायला नशीब लागतं.

जाण्याआधी चौकशी मात्र करा. कडक थंडीच्या प्रदेशात बरीच झाडं ओट्यांवरून हलवून थंड कोठीत ठेवतात. त्यांना ऊब द्यायची नसते, विश्रांती द्यायची असते. तापमान गोठणबिंदूच्या जरासं वर राहील एवढंच पाहायचं. फायकससारखी (वड-पिंपळाच्या कुळातली) उष्ण कटिबंधातली झाडं त्याच वेळी काचघरात असतात.

दूरचा दिवा

लेख आवडला, तरी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. मी असा एक संग्रह पाहिला आणि अर्ध्यातून परत आलो. पन्नास फूट वाढू शकणारं झाड बशीएवढ्या कुंडीत, फांद्यांना तारांचे वेढे, मुळं कापलेली. मला ते पाहवेना. इथल्या कुणाचं मन दुखवायचं नाही, पण ही झाडाची छळवणूक नाही का?

मूळमाती

दूरचा दिवा, हा प्रश्न मलाही सुरुवातीला छळायचा. अठरा वर्षं झाडं सांभाळतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी मुळं. कुंडीत झाड तसंच सोडलं तर मुळं गोल गोल फिरून गच्च होतात, आत पाणी शिरत नाही, हवा खेळत नाही आणि झाड खंगतं. म्हणून पानझडी झाडं दोन-तीन वर्षांनी, पाइन-ज्युनिपर त्याहून उशिरा, कुंडीतून काढून मुळं सोडवायची, जाड मुळं आखूड करायची, नवीन मिश्रण घालायचं. कापल्या जागेच्या मागून बारीक तंतुमुळं फुटतात आणि पाणी-क्षार शोषतात ती हीच. हे काम हिवाळा सरता सरता, कळ्या फुगू लागल्या की करतात, कारण तेव्हा झाडाकडे साठवलेली ताकद असते आणि पानांचा भार नसतो. नीट केलं तर त्याच वसंतात झाड जोमाने फुटतं.

तारेचं काम फांदीला दिशा देण्यापुरतं. काही महिन्यांत नवीन लाकूड धरतं, मग तार काढायची. उलगडून काढत नाहीत, तुकडे कापून काढतात, नाहीतर फांदी मोडते. तार वेळेवर नाही काढली तर ती सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. एखाद्या संग्रहात रुतलेल्या तारा दिसल्या तर तुमचा राग रास्त आहे. तिथे देखभाल कमी पडतेय.

आणखी एक. बोन्साय ही झाडाची वेगळी, बुटकी जात नव्हे. तेच झाड जमिनीत लावलं तर ते मोठं होईल. उपाशी ठेवून ते लहान राहत नाही. खत नियमित लागतं, भरपूर ऊन लागतं. वारंवार शेंडे खुडल्याने जोर अनेक फुटव्यांत वाटला जातो आणि पानं बारीक येतात. छळलेलं झाड शंभर वर्षं जगत नाही हो. कुंडीत ते एक आठवडाही दुर्लक्ष सहन करत नाही. इतकी वर्षं ते हिरवं दिसतंय याचा अर्थ रोज कुणीतरी त्याच्याकडे पाहिलंय.

दूरचा दिवा

मूळमाती, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुळांचं कारण मला अजिबात माहीत नव्हतं. तारांनी पूर्ण मढवलेलं झाड मला अजूनही बघवणार नाही, ते राहो. पण "रोज कुणीतरी पाहिलंय" हे मनात राहील. पुन्हा एकदा जाऊन बघतो.

पागोळी

रोज पाहण्यावरून वॉशिंग्टनचा यामाकी पाइन आठवला. तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या बोन्साय संग्रहालयात मी तो पाहिलाय आणि त्याच्याबद्दल कितीही बोलले तरी मला पुरत नाही.

तो जपानी व्हाइट पाइन. 1625 पासून कुंडीत घडवला जातोय असं त्याच्या पाटीवर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, 1976 मध्ये, जपानने 53 बोन्साय भेट दिले, त्यांतला हा एक. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. झाड आलं, ओट्यावर बसलं, लोक येऊन बघून जाऊ लागले. मग 2001 मध्ये त्या कुटुंबातले दोन नातू आजोबांचं झाड पाहायला आले आणि त्यांच्या बोलण्यातून संग्रहालयाला कळलं की 6 ऑगस्ट 1945 ला हे झाड हिरोशिमातच, बॉम्ब पडला त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होतं. रोपवाटिकेच्या भिंतीने त्याला वाचवलं. घराच्या काचा फुटून कुटुंबातल्यांना लागल्या, पण माणसंही वाचली.

पंचवीस वर्षं हे झाड तिथे होतं आणि देणाऱ्याने हा विषय काढला नव्हता. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला ते दिलं. मी गेले तेव्हा शाळेची एक सहल शेजारून कलकलत गेली आणि झाडासमोर मी एकटीच उरले. खोड चांगलं जाड, माझ्या दोन्ही तळव्यांत मावणार नाही असं. सुया दाट, हिरव्यागार. आजारपणाची खूण नाही. तगर म्हणतात तसं वाकून बघायला मला सुचलं नव्हतं. पुन्हा जावं लागणार.

त्याच संग्रहालयात गोशिनही आहे, फोमिना ज्युनिपरचं अकरा झाडांचं वन. लॉस एंजलिसचे बोन्साय गुरू जॉन नाका यांनी 1948 मध्ये पहिल्या झाडांवर काम सुरू केलं आणि पुढे एकेका नातवंडासाठी एकेक झाड वाढवत अकरा केली. हे आधी माहीत असेल तर तिथून पाय निघत नाही.

चांदणचुरा

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मी तिला घाबरत घाबरत नेलं होतं, कारण हात लावू नका अशा पाट्या सगळीकडे. निघालं भलतंच. तिची उंची ओट्याएवढी, त्यामुळे तगरना गुडघे टेकून जे दिसलं ते तिला चालता चालता दिसत होतं! क्रॅबॲपलचं झाड हातभर उंच आणि त्याला फळं मात्र नेहमीच्या आकाराची. ती म्हणाली, "आई, झाड लहान आणि सफरचंद मोठं झालंय." घरी येऊन तिने त्याचंच चित्र काढलं. फळं लहान का होत नाहीत?

मूळमाती

चांदणचुरा, मुलीची नजर पक्की आहे. पानांचा आकार खुडण्याने, उन्हाने, मुळांच्या जागेने बदलतो. फुलं-फळं त्या झाडाच्या जातीप्रमाणे ठरलेल्या मापाचीच येतात. म्हणून फळझाडांच्या बोन्सायसाठी मुळातच बारीक फळांची जात निवडतात, शिवाय फळं धरली की बरीच काढून टाकतात. एवढ्याशा झाडाला सगळी पोसणं जड जातं.

हात का लावायचा नाही हेही तिला सांगा, कारण कळलं की मुलं पाळतात. वसंतात पाइनचे कोवळे कोंब मेणबत्तीसारखे उभे असतात, नुसता धक्का लागला तरी तुटतात, आणि त्या टोकाची त्या वसंतातली वाढ जाते. मातीवरच्या शेवाळावर बोट दाबलं तर ते उचकटतं आणि खालची माती उघडी पडते.

अबोली

फोटोंबद्दल: ढगाळ दिवस निवडा, कॅमेरा कुंडीच्या काठाच्या उंचीवर धरा, जरा लांबून झूम करा. जवळून काढला तर खालची फांदी अवाढव्य येते. फ्लॅश नको. पण मी आता आधी एका झाडाचं पेन्सिलने रेखाटन करते, वाईट का असेना. खोड नेमकं कुठे वळलं हे रेघ ओढतानाच कळतं. तगरची चुटपुट त्याने जाईल.

माझा एक प्रश्न. पाटीवरचं वय कितपत खरं धरायचं?

मूळमाती

शब्द नीट वाचायचे. "वय" निराळं आणि "अमुक सालापासून कुंडीत" निराळं. डोंगरातून खणून आणलेल्या झाडाचं मूळ वय अंदाजानेच सांगतात, कारण खोड कापल्याशिवाय किंवा त्यात भोक पाडल्याशिवाय वर्तुळं मोजता येत नाहीत. कुंडीतली वर्षं नोंदींवरून कळतात. बॉस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात लार्झ अँडरसन यांचा संग्रह आहे. ते जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, 1913 मध्ये परतताना झाडं घेऊन आले. त्यातल्या एका हिनोकी सायप्रसची सुरुवात 1737 ची धरली जाते. संग्रह 1937 मध्ये संस्थेकडे आला.

सौंदर्यासाठी मात्र मी वय बघत नाही. जमिनीत भराभर जाड केलेलं तीस वर्षांचं खोडही म्हातारं दिसू शकतं, आणि ऐंशी वर्षांचं झाड काठीसारखं सरळसोट राहू शकतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत खोड हळूहळू निमुळतं होत गेलंय का ते पाहा.

बकुळ

सार्वजनिक संग्रहांच्या सुरक्षिततेवरही कुणीतरी बोलायला हवं. 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पॅसिफिक बोन्साय म्युझियममधून दोन झाडं चोरीला गेली. त्यातला ब्लॅक पाइन जुझाबुरो फुरुझावा यांनी दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या लोकांना डांबलेल्या छावणीत, बियांपासून पत्र्याच्या डब्यात वाढवलेला. संग्रहालयाने लोकांना कळकळीची विनंती केली आणि काही दिवसांतच दोन्ही झाडं संग्रहालयाच्या वाटेवर आणून ठेवलेली मिळाली. अशा घटनांनंतर कुंपणं उंच होतात, कॅमेरे लागतात, वेळा आखडतात. म्हणून फाटकाशी कुणी पिशवी तपासली तर मला राग येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लेक मेरिटकाठची बोन्साय बाग तर भर शहरातल्या उद्यानात आहे, स्वयंसेवक चालवतात. तुमच्या जवळ असा संग्रह असेल तर आठवड्यातले दोन तास द्या. पानं वेचायची, कुंड्या पुसायच्या, खोडावरचं शेवाळ काढायचं. शिकायला याहून चांगली जागा नाही.

दूरचा दिवा

जाऊन आलो. जपान आणि चीनची झाडं शेजारी शेजारी होती. चिनी पेनजिंगमध्ये दगड, पाणी, झाडं मिळून सगळा देखावाच उभा केलेला. त्यासमोर मी बराच वेळ होतो. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या तांग राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकाच्या हातात असाच देखावा मांडलेलं तबक आहे, हे पाटीवर वाचलं. तारा मढवलेल्या झाडांपाशी मात्र थांबलो नाही.

तगर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे बकुळचं ऐकून हिवाळ्यात एकदा गेले, मेपल उघडा पाहिला. अबोलीचं ऐकून वही नेली होती. चार रेखाटनं झाली आणि त्याचं खोड आता मला डोळे मिटून काढता येतं: उजवीकडे, मग मागे, मग डावीकडे.

काल पुन्हा गेले तर ओटा रिकामा. पाटी होती, झाड नव्हतं. काळजात चर्र झालं. मन नको नको तिथे गेलं, बकुळने सांगितलेली चोरी आठवली. धावतच मागच्या शेडकडे गेले. तिथे त्याच स्वयंसेविका, आणि त्यांच्यासमोर टेबलावर माझा मेपल, कुंडीबाहेर. मातीतली मुळं मी पहिल्यांदाच पाहत होते. घट्ट, सपाट, कुंडीच्याच आकाराची लगदी झाली होती. एकजण लोखंडी आकड्याने ती कडेकडेने विंचरत होता आणि लोंबणारी मुळं कात्रीने कापत होता. कापलेल्याचा ढीग झाडाएवढा. मूळमातीने समजावून सांगितलं नसतं तर मी तिथे उभी राहू शकले नसते.

कुंडी धुऊन ठेवलेली. तळाच्या भोकांतून तारा वर काढलेल्या, कारण मुळं कमी झाल्यावर झाड डगमगतं आणि बांधून ठेवावं लागतं. तळाशी मिश्रण पसरून त्यांनी झाड ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही याला इतक्या वेळा पाहिलंय. समोर जाऊन सांगा, पूर्वीसारखं बसलंय का."

मी टेबलापासून चार पावलं मागे गेले, गुडघे टेकले. खोड उजवीकडे, मग मागे, मग डावीकडे. पण पहिलं वळण मला माझ्या चित्रातल्यापेक्षा जास्त उघडं दिसत होतं.

"थोडं डावीकडे," मी म्हटलं.

त्यांनी झाड बोटभर फिरवलं. मी मान हलवली, आणि त्यांनी तार पिळायला घेतली.